मंगळावरचे अप्राबोसो

आमच्या गावाचे नाव कोणीतरी परस्पर उचलून मंगळ ग्रहावरच्या एका खड्ड्याला दिले आहे, ही बातमी मला शेजारच्या द्युफीने सांगितली, आणि तीही कुंपणावरून. एवढी मोठी बातमी कुंपणावरून सांगायची नसते. माणसाने दारातून आत यावे, बसावे, दिलेले पाणी प्यावे, मी "काय काम काढलंत" असे विचारावे, आणि मगच तोंड उघडावे. पण द्युफीने ही बातमी रेडिओवर ऐकली होती, आणि रेडिओवर ऐकलेली गोष्ट तिच्या पोटात चुलीवरचे पाणी उकळेपर्यंतही टिकत नाही.

"नाना, तुमचं गाव मंगळावर गेलं," ती म्हणाली.

तिचे "तुमचं" वाचकांनी ध्यानात घ्यावे. द्युफी लग्न करून या गावात आली त्याला एक्केचाळीस वर्षे झाली. पण माणूस आईच्या कुळाचा असतो, आणि द्युफीची आई सरोवराच्या पलीकडच्या न्सुआनो गावची. त्यामुळे आमच्या गावात मासळी चांगली मिळाली की गाव "आपलं" असते आणि नामुष्कीची वेळ आली की ते "तुमचं" होते. राहिला प्रश्न "नाना"चा. आमच्याकडे हा मान आजीलाही देतात आणि गावप्रमुखालाही. मला तो दोन्ही अर्थांनी शोभतो असे लोक म्हणतात. मी त्यांना अडवलेले नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. माझा राग खड्ड्यावर नव्हता. आम्ही स्वतःच खड्ड्यात राहतो. आमचे बोसोम्त्वे सरोवर म्हणजे आभाळातून पडलेल्या दगडाने पाडलेला खड्डा आहे, असे कुमासी शहराहून आलेल्या शिकलेल्या मंडळींनी आम्हाला सांगितले आहे. आणि असा घाटदार, भोपळ्याच्या वाडग्याच्या काठासारखा गोल, चहूबाजूंनी डोंगर उभे असलेला खड्डा दुसरीकडे कुठे असेल तर तो मी पाहिलेला नाही. खड्ड्याच्या बाबतीत आमचा शब्द शेवटचा मानावा, इतका आमचा अनुभव आहे. माझा प्रश्न फक्त परवानगीचा होता. नाव घ्यायचे तर श्नॅप्स दारूची बाटली घेऊन यावे, वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी, आणि विचारावे. गावात माझे नाव दिलेल्या सात मुली आहेत आणि सातही वेळा त्यांचे वडील बाटली घेऊन आले. आठवा आधीच उघडलेली बाटली घेऊन आला होता. त्याच्या मुलीचे नाव आता वेगळे आहे.

तेव्हा मी चपला घातल्या आणि थेट ओच्यामे बाफींकडे गेले. ओच्यामे म्हणजे गावप्रमुखांची वाणी. प्रमुख दरबारात कोणाशी थेट बोलत नाहीत, कोणी त्यांच्याशी थेट बोलत नाही. दोन्हीकडचे शब्द ओच्याम्यांच्या तोंडून जातात, आणि जाताना जरा सुबक होतात. ते अंगणात बसून मासे धरायचा वेताचा पिंजरा दुरुस्त करीत होते. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, नाव घेणारा खड्डा नेमका कुठे आहे. मी वर बोट दाखवले. त्यांनीही वर पाहिले. मग ते म्हणाले की घाई नको, दोन आठवडे थांबून पाहू, कदाचित ते लोक स्वतःच बाटली पाठवतील.

थांबणे ही गोष्ट मला कधी जमलेली नाही. मी तिथेच गावाची शपथ उच्चारली.

शपथ उच्चारली की प्रकरण घरात मिटवता येत नाही. ते प्रमुखांच्या आसनापुढे जाते, दोन्ही बाजू उभ्या राहतात, आणि जी बाजू हरेल तिने मेंढा आणायचा असतो. शपथ मागेही घेता येत नाही. म्हणूनच शहाणी माणसे शपथ आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी घेतात. ओच्याम्यांनी पिंजरा खाली ठेवला.

"नाना, मंगळावर बोलावणं घेऊन कोण जाणार?"

"ते तुम्ही बघा," मी म्हणाले. "मी शपथ घ्यायचं काम केलं."

शेवटी असे ठरले की नाव देणारे कोण हे आधी शोधावे, आणि त्यासाठी जिल्हा कचेरीत अर्ज करावा. कचेरीतल्या कारकुनाने मला सौजन्याने खुर्ची दिली आणि सांगितले की तक्रारी तीन प्रकारच्या असतात: जमिनीची, गादीची आणि स्वच्छतेची. मंगळाची नसते. आम्ही प्रथम जमिनीचा अर्ज भरला. त्यात चतुःसीमा लिहायच्या होत्या. उत्तरेला काय, दक्षिणेला काय, जवळचा पक्का रस्ता किती अंतरावर. रस्त्याच्या रकान्यात मी "चौकशी चालू" असे लिहिले. पण जमिनीच्या तक्रारीत जागेची पाहणी करावी लागते आणि पाहणी करणाऱ्याच्या प्रवासाची सोय अर्जदाराने करायची असते, असे कळल्यावर कारकुनाने फार विचार करून तो अर्ज स्वच्छतेत वळवला. "उघडा खड्डा, अप्राबोसो" एवढेच त्याने शेऱ्यात लिहिले.

चार दिवसांनी आमच्या गावात आरोग्य खात्याचा एक सद्गृहस्थ जंतुनाशक पावडरीचे पोते घेऊन उतरला आणि खड्डा दाखवा म्हणू लागला. मुलांनी त्याला सरोवर दाखवले. तो बराच वेळ काठावर उभा राहिला. मग त्याने पोते परत गाडीत ठेवले, द्युफीकडे भाजलेला मासा आणि मक्याचे केंके खाल्ले, आणि "पाहणी केली, खड्डा उत्तम स्थितीत आहे" असा अहवाल दिला. तो अहवाल माझ्याकडे आहे. त्या कचेरीतून निघालेला एवढा खरा कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

अखेर कारकुनालाच माझी दया आली, किंवा मी रोज येऊन त्या खुर्चीवर बसते याची त्याला भीती वाटली असेल. त्याने परदेशातल्या त्या नावे ठरवणाऱ्या समितीचा पत्ता शोधून काढला आणि मी सांगेन तसे पत्र संगणकावर लिहिले. पत्र तीन पानांचे झाले. पहिल्या पानावर मी कोण आहे ते होते. दुसऱ्यावर आरोप होता. तिसऱ्यावर एक प्रश्न होता, जो मला रात्रंदिवस सतावत होता: त्या खड्ड्यात कोणी लोखंड उतरवले आहे काय? आमच्या सरोवरात लोखंड चालत नाही. आमचे लोक लाकडाच्या फळीवर पोटावर पडून, हातांनी पाणी कापत मासे धरतात. आजवर कोणी लोखंडी होडी घातलेली नाही. मंगळावर मात्र लोखंडाच्या गाड्या फिरवतात असे ऐकत होते. आमचे नाव घ्यायचे आणि आमचे पथ्य पाळायचे नाही, हे मला चालणार नव्हते.

पत्र गेले, आणि गावात सल्ले सुरू झाले. द्युफीचे म्हणणे पडले की दंड कसला मागता, भाडे मागा. पाद्रीबाबांनी सांगितले की मंगळावर माणसे नसतील तर पापही नसेल, तेव्हा क्षमा करावी. माझे धाकटे बंधू क्वाबेना हे आमच्या कुळाचे पुरुषप्रमुख आहेत आणि मला विचारल्याशिवाय शिंकतही नाहीत. त्यांनी मला काय वाटते तेच त्यांनाही वाटते असे सांगितले. कुमासीला भाड्याची ट्रोट्रो गाडी नेणाऱ्या चालकाने तर कोणाला न विचारता गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतले: "अप्राबोसो: इथेही, तिथेही." त्या गाडीत जागा मिळेनाशी झाली. गावातल्या माणसांना आपण दोन ग्रहांवर आहोत याचा आनंद होऊ लागला होता, आणि हे माझ्या खटल्याच्या दृष्टीने मुळीच बरे नव्हते.

त्याच सुमारास कोणीतरी त्या खड्ड्याचे छायाचित्र छापून आणले. मी ते केवळ पुरावा म्हणून जवळ ठेवले. बायबलच्या खाली, पालथे. पुरावा नीट राहिला आहे की नाही हे मी दिवसातून चार वेळा तपासत असे.

आता खरे सांगते. तो खड्डा सुंदर आहे. तांबूस, शांत, आणि इतका गोल की पाहणाऱ्याचा श्वास आपोआप संथ होतो. एका बाजूचा काठ जरा खचलेला आहे, जसा वयस्कर माणसाचा एक खांदा खचतो. आणि त्या खचलेल्या जागेतून आत एक सुकलेला ओहोळ उतरतो, व तळाशी हाताच्या पसरलेल्या बोटांसारखा फुटतो. म्हणजे तिथेही एके काळी पाणी होते. त्या पाण्याला कोणी नमस्कार करणारे नव्हते, त्याच्या काठी कोणी फुफूसाठी कंद कांडत नव्हते, आणि तरीही ते तिथे आपले आपण मानाने राहिले होते. मला अशी माणसे आवडतात. पण हे मी द्युफीला कशाला सांगू?

उत्तर आले ते कचेरीच्या पत्त्यावर. कारकुनाने ते छापून आणले आणि वाचून दाखवताना त्याचा आवाज हळूहळू खाली गेला. समितीने लिहिले होते की मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावे द्यायची रीत आहे, त्यात अवमानाचा हेतू नसतो. त्या विवरात आजवर कोणतेही यंत्र उतरलेले नाही, ते फक्त वरून पाहिलेले आहे. आणि अप्राबोसो हे नाव सुचवणाऱ्या संशोधिका डॉ. अबेना ग्याम्फुआ या असून त्या तुमच्याच गावच्या आहेत असे समजते.

ग्याम्फुआ माझी नात आहे. माझ्या दिवंगत थोरल्या मुलीची मुलगी. ती चार वर्षांची असल्यापासून माझ्या हाताखाली वाढली, आणि आता परदेशी विद्यापीठात दगडांची वये काढते. सहा महिन्यांपूर्वी ती फोनवर म्हणाली होती की मी गावासाठी काहीतरी केले आहे, आल्यावर सांगेन. मला वाटले, कूपनलिका असेल.

पत्राचा शेवट त्याहून वाईट होता. गावाची हरकत आहे हे पाहता समिती ते नाव काढून टाकायला तयार होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत गावप्रमुखांच्या शिक्क्याचे उत्तर आले नाही, तर हरकत कायम आहे असे धरून नाव रद्द होणार होते. शिवाय न्सुआनो नावाच्या एका गावाने आपले नाव देण्याची तयारी कळवली आहे, त्याबद्दल समितीने आभार मानले होते. मी द्युफीकडे पाहिले. ती कुंपणापलीकडे मोठ्या आस्थेने कपडे वाळत घालू लागली. कपडे सुके होते.

परिस्थिती अशी होती. तक्रार मागे घ्यावी तर शपथ घेतलेली. ती दरबारात सुटल्याशिवाय प्रमुखांचा शिक्का उठणार नाही. दरबार गुरुवारी भरतो. गुरुवारी निकाल माझ्या बाजूने लागला, तर शुक्रवारी आमचे नाव मंगळावरून पुसले जाईल, तिथे न्सुआनो बसेल, आणि माझ्या नातीच्या सहकाऱ्यांना कळेल की तिने आपल्या गावाला दिलेली भेट तिच्याच आजीने चोरी म्हणून परत केली.

ग्याम्फुआ बुधवारी आली. दारातून आली, बसली, पाणी प्याली, आणि मी काय काम काढलेस असे विचारीपर्यंत गप्प राहिली. घरचे वळण दिसते.

"नाना, मी चोर आहे असं ऐकलं, म्हणून हजर झाले."

"आधी का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे खरे होते, म्हणून मी विषय बदलून तिला मासे वाढले. जेवताना तिने सांगितले की अशी शेकडो विवरे ती रोज पडद्यावर पाहते, मोजते, पुढे जाते. त्या दिवशी हे समोर आले आणि ती कामाच्या जागी, सगळ्यांसमोर, आपल्या भाषेत मोठ्याने बोलून गेली: हे तर आमचं घर. लोक हसले. तिने तेव्हाच ठरवले. "नाव पुसलं गेलं तर माझी नोकरी जाणार नाही, नाना," ती म्हणाली. "पण मग मी ते पडद्यावर दुसऱ्या नावानं बघायचं. ते मला जमणार नाही." एवढे बोलून ती माशाचे काटे काढत बसली. माशात काटे उरले नव्हते.

गुरुवारी दरबार भरला. प्रमुख छत्रीखाली, वडीलधारे दोन्ही बाजूंना, आणि ओच्यामे बाफी सोनेरी मुठीची काठी घेऊन मध्ये. मी वादी म्हणून डावीकडे बसले आणि माझे म्हणणे मांडले. ते मी चांगले मांडले. चांगले न मांडणे मला येत नाही. नाव म्हणजे काय, ते कोणी कोणाला द्यावे, बाटलीशिवाय घेतलेले नाव म्हणजे रात्री कुंपणावरून नेलेली कोंबडी कशी, हे सगळे मी सांगितले. शेवटी वडीलधाऱ्यांनी मान डोलावली, आणि मी उजवीकडे बसलेल्या ग्याम्फुआकडे पाहिले. खटला मी जिंकत चालले होते.

मग ओच्याम्यांनी विचारले, आरोपीच्या वतीने कोण बोलणार?

आता, कोणावरही आरोप आला की त्याचे कूळ त्याच्या बाजूने उभे राहते, हा आमचा नियम आहे. आरोपीचे कूळ म्हणजे माझे कूळ. सगळ्यांनी माझ्या बंधूंकडे पाहिले. क्वाबेनांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती मी डोळे वटारूनही थांबली नाही. कुळात त्यांच्यानंतर बोलायचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे.

मी उठले. पूर्ण दरबार ओलांडून उजवीकडे गेले आणि ग्याम्फुआच्या शेजारी बसले.

ओच्यामे अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी डावीकडच्या रिकाम्या आसनाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि माझेच आरोप मला पुन्हा, आदराने, एकेक करून ऐकवले. माझ्या तोंडून ते इतके उद्धट वाटले नव्हते. मी त्यांना सांगितले की वादीची भाषा जरा कडक आहे, पण वयाकडे पाहून आम्ही ते मनावर घेत नाही. ओच्याम्यांनी ते रिकाम्या आसनाला कळवले.

मग मी माझ्या नातीला विचारले, "तो खड्डा किती वर्षांचा?"

"साडेतीनशे कोटी, नाना. जास्तच असेल, कमी नाही."

"आणि आपलं सरोवर?"

"दहा लाखांच्या आसपास."

ओच्याम्यांनी तो आकडा प्रमुखांकडे नेताना दोनदा घसा साफ केला. आमचे गाव फार तर तीनशे वर्षांचे आहे, आणि तेवढ्यावर आम्ही न्सुआनोवाल्यांना पोरेबाळे म्हणतो.

मी उभी राहिले. मी म्हणाले, आजी नातवाच्या घरी गेली आणि तिने त्याच्या भांड्यातला मासा उचलून तोंडात टाकला, तर ती चोरी होते का? या दरबारातल्या कोणत्या आजीने आजवर विचारून मासा उचलला आहे? हात वर करावा. लहान मोठ्याचे काही घेतो तेव्हा विचारतो. मोठा लहानाचे घेतो तेव्हा लहानाने आनंदाने दुसरा तुकडा वाढायचा असतो. आता सभेने सांगावे, इथे मोठे कोण आणि लहान कोण? ज्याला आपण आपले नाव नेले म्हणून दरबारात ओढतो आहोत, तो आपल्या पूर्वजांच्या पूर्वजांच्याही आधीपासून, हे डोंगर उभे राहायच्या आधीपासून, वाट पाहत बसलेला आहे. माझ्या नातीने फक्त वडीलधाऱ्याच्या हातात घरचा तुकडा ठेवला. हिला चोर म्हणणाऱ्या वादीने आपल्या घरच्या वळणाचा विचार करावा.

हे शेवटचे वाक्य जरा लागण्यासारखे होते. पण ते लागायलाच हवे होते.

ओच्यामे डावीकडे वळले. "वादीला काही उत्तर द्यायचं आहे का?"

रीत ती रीत. मी पुन्हा दरबार ओलांडला, माझ्या पहिल्या आसनावर बसले, वस्त्र सावरले आणि विचार केला. मी पुष्कळ विचार केला. न्सुआनोहून आलेली दहाबारा मंडळी मागे उभी होती, तीही माना पुढे काढून वाट पाहत होती. माझ्या बहात्तर वर्षांच्या आयुष्यात मला कोणी निरुत्तर केलेले नाही, आणि ज्या व्यक्तीने ते केले तिच्यावर मला रागावताही येईना.

"नाही," मी म्हणाले.

प्रमुखांनी निकाल दिला: आरोपी निर्दोष, मेंढा वादीने आणावा. रिवाजाप्रमाणे त्यातली एक तंगडी जिंकलेल्या बाजूला मिळते. ती क्वाबेना घेऊन गेले, आणि त्यांचा खोकला त्याच क्षणी बरा झाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी शिक्का घेऊन कचेरीत गेलो. कारकुनाने सांगितले की हरलेल्या पक्षाने तक्रार सोडल्याची सही लागेल आणि जिंकलेल्या पक्षाने ती स्वीकारल्याची. मी दोन्ही केल्या. त्याने दोन्ही सह्या जुळवून पाहिल्या आणि काही बोलायला तोंड उघडले. मग खुर्चीकडे पाहून मिटले. वीज दोनदा गेली. संगणक ग्याम्फुआने आपल्याकडे ओढून घेतला आणि मी सांगेन ते लिहू लागली.

मी सांगितले: नाव राहू द्यावे. ज्यांच्याकडे ते आहे ते आमचे वडीलधारे आहेत. त्यांच्याकडून काही चूक झालेली नाही. चूक झाली ती आमच्याकडून. ते इतका काळ आमच्या घरावर, आमच्या डोळ्यांसमोर राहत आहेत, पाणी आटले तरी तसेच ताठ बसून आहेत, आणि आम्ही एकदाही विचारपूस केली नाही. आमच्या सरोवराचा त्यांना नमस्कार कळवावा. लहानाने आधी नमस्कार करायचा असतो.

ग्याम्फुआची बोटे थांबली. ती पडद्याकडे पाहत राहिली आणि हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसू लागली.

"थांबू नकोस," मी म्हणाले. "पावणेबारा झालेत, आणि न्सुआनोवाले बाहेर उभे आहेत."